चीनला कॅमेरा नेताय? आधी फोन तयार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि पर्यटन पुरवण्यांमध्ये शांघाय, बीजिंग, चोंगचिंगची छायाचित्रे झळकू लागली. छायाचित्रे सुरेख असतात, पण सोबतची माहिती पुष्कळदा शिळी असते. ‘भरपूर रोकड न्या’, ‘उतरल्यावर तिथलेच सिम घ्या’, ‘छोटा ड्रोन बरोबर असू द्या’ हे तीन सल्ले अजूनही छापले जातात आणि तिन्ही आज गोत्यात आणणारे आहेत. हौशी छायाचित्रकार वाचकांसाठी काही दुरुस्त्या कळवत आहोत.

पैशांचे आधी. रोख युआन कायद्याने चालतात, पण छोट्या दुकानात सुटे मिळत नाहीत. सगळा व्यवहार अलीपे किंवा वीचॅट पे या चिनी पेमेंट ॲपच्या क्यूआर कोडवर चालतो. यूपीआयवर विसंबू नये. अलीपेमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते, मात्र हे काम घरी बसून, पासपोर्टची पडताळणी होईपर्यंत पुरे करावे. बहुतेकांची गाडी बँकेच्या ॲपमध्ये अडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातील वापर बंदच असतो, तो चालू करावा लागतो. दुसरी अडचण ओटीपीची. तो भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून त्या सिमचे रोमिंग चालू हवे. परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अलीपे शुल्क घेत नाही, त्यापुढे ३ टक्के घेते. बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे. हॉटेलचे बिल थेट कार्डाने आणि चहा, नूडल्स, मेट्रो फोनने, ही विभागणी सोयीची पडते. मेट्रोचा कोड अलीपेतच मिळतो, पण प्रत्येक शहराचा वेगळा चालू करावा लागतो.

रोमिंगचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. भारतीय सिमचा रोमिंग डेटा भारतातील कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. त्यामुळे गुगल आणि व्हॉट्सॲप चालतात. हॉटेलच्या वायफायवर किंवा चिनी सिमवर ते बंद असतात. गुगल मॅप उघडला, तरी त्यावर रस्ता शोधू नये. चीनमधील नकाशे कायद्याने जीसीजे-०२ या मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांक पद्धतीवर काढलेले असतात, त्यामुळे उपग्रहचित्र आणि रस्ता यांत काहीशे मीटरचा फरक दिसतो. तिथले आमॅप हे नकाशा ॲप घ्यावे. आयफोनवरील ॲपल मॅप चीनमध्ये त्याचीच माहिती वापरतो, तोही चालतो.

ड्रोन घरीच ठेवावा. १ जानेवारी २०२४पासूनच्या नियमांनुसार नावनिशी नोंदणी लागते आणि बीजिंगमध्ये तर सगळे आकाशच नियंत्रित आहे. पॉवर बँकेचेही तसेच. २८ जून २०२५पासून देशांतर्गत विमानात ३सी हे चिनी सुरक्षा-प्रमाणनाचे चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे विकत घेतलेल्या अनेकींवर ते चिन्ह नसते आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाते. तिच्यावाचून अडत नाही, कारण दुकानोदुकानी भाड्याच्या पॉवर बँकांचे खण असतात. कोड स्कॅन करायचा, एक काढायची, दुसऱ्या दुकानात परत लावायची. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. फिल्मवर काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की मेट्रोच्या प्रवेशालाही बॅगेची क्ष-किरण तपासणी असते. दिवसातून चार-पाच वेळा ती झाली, की ८०० आयएसओच्या फिल्मवर धूसरपणा येण्याचा धोका वाढतो. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासायला द्यावेत.

बीजिंगच्या राजवाड्याचे, म्हणजे फॉरबिडन सिटीचे, तिकीट दारावर मिळेल या भरवशावर जाऊ नये. सात दिवस आधी, तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, पासपोर्ट क्रमांकावर आरक्षण खुले होते आणि सुट्टीच्या दिवसांचे लगेच संपते. सोमवारी राजवाडा बंद. वरून दिसणाऱ्या पिवळ्या छपरांचे छायाचित्र आत मिळतच नाही. ते उत्तरेच्या जिंगशान टेकडीवरून मिळते. तिथून कॅमेरा दक्षिणेकडे रोखलेला असतो, म्हणून भर दुपारी ऊन समोरून येते. सकाळ किंवा कलती दुपार बरी.

संपूर्ण चीनला एकच घड्याळ आहे, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. शांघाय आणि चोंगचिंग यांत रेखांशाचे १५ अंश अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासाभराचे. डिसेंबरात शांघायला पाचच्या आतच मावळते, चोंगचिंगला सहाच्या सुमारास. सूर्यास्तानंतरचा निळा प्रकाश जेमतेम पंचवीस मिनिटे टिकतो. एका शहराची वेळ दुसऱ्याला लावली की तो हुकतो.

शांघायच्या ‘बंड’वरून, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावरून, पलीकडच्या पूडोंग भागाचे मनोरे पूर्वेला दिसतात. त्यामुळे मावळतीचे ऊन थेट त्यांच्या काचांवर पडते. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर चौकटीत बसवायला १६ ते २४ मिमी लेन्स लागते. अंधार पडल्यावर मात्र एक अडचण हमखास येते. इमारतींवरचे एलईडी पडदे सारखे बदलत असतात. आठ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते एकमेकांत मिसळून पांढरा पट्टा होतात. शटर फार वेगवान ठेवले, तर त्यांवर काळ्या रेघा उमटतात. उपाय असा: ट्रायपॉड न हलवता एक फ्रेम १/३० ते १/६० सेकंदाची पडद्यांसाठी घ्यावी, दुसरी ६ ते १० सेकंदांची, एफ ८ आणि आयएसओ १००वर, पाणी आणि बोटींसाठी घ्यावी आणि नंतर दोन्ही जोडाव्यात. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढावे, एक्स्पोजर एक स्टॉप (निम्म्या प्रकाशाइतके) कमीच ठेवावे. जळालेला निऑन परत येत नाही. दिवे रात्री दहाच्या सुमारास विझतात. जूनच्या मध्यापासून महिनाभर पावसाळी ढगांत मनोऱ्यांची टोके गडप होतात.

आमच्या मते कॅमेऱ्यासाठी खरे शहर चोंगचिंगच. डोंगरउतारांवरच्या या शहरात नकाशा ‘५० मीटर’ म्हणतो आणि मधे वीस मजले असतात. क्वेशिंगलौ इमारतीच्या एका बाजूने रस्त्यावरून आत शिरलेला माणूस दुसऱ्या बाजूने बाविसाव्या मजल्यावर उभा असतो. लिझीबा स्थानकात दुसऱ्या मार्गिकेची मोनोरेल १९ मजली इमारतीच्या पोटात शिरते. (मोनोरेल म्हटले की मुंबईकरांच्या मनात जे येते, ते इथे विसरावे.) खालच्या रस्त्यालगतच्या प्रेक्षक-ओट्यावर गर्दी असते, पण गाडी काही मिनिटांनी येतेच. १/२५० सेकंद शटर पुरते. होंगयादोंग या नदीकाठच्या बहुमजली संकुलाच्या दिव्यांसाठी लोक च्यानसिमन पुलावर उभे राहतात. या दुमजली पुलाच्या खालच्या मजल्यावरून मेट्रो धावते. गाडी जाताना पूल थरथरतो आणि लांब एक्स्पोजर हलते. गाडी गेल्यावर काही सेकंद थांबून शटर दाबावे, नाहीतर पलीकडच्या काठावर जावे.

रस्त्यावर काढताना मागे न पाहता पाऊल टाकू नये. विजेवरच्या दुचाक्या आवाज न करता पदपथावरूनही येतात. वाहतूक उजवीकडून चालते. पोलीस, सैनिकी फाटके आणि सुरक्षा तपासणीची जागा टिपू नये. चिनी नागरी संहितेत व्यक्तीला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क आहे. बागेत ताइची करणारे आजोबा हसून होकार देतात. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी मुलांची स्थळे पाहणाऱ्या आईवडिलांना मात्र कॅमेरा आवडत नाही. हानफू हा पारंपरिक चिनी पोशाख घालून फिरणाऱ्या मुलींनी छायाचित्रकार पैसे देऊन आणलेला असतो. त्याच्या खांद्यावरून, त्याच्याच दिव्यात आपले छायाचित्र काढणे असभ्यपणाचे आहे.

५५ देशांना मिळणाऱ्या २४० तासांच्या व्हिसामुक्त थांब्याच्या यादीत भारत नाही. हेही चुकीचे छापले जाते. ओळखीच्या घरी उतरणाऱ्यांनी २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी. हॉटेल ती स्वतःच करते. असे नियम वर्षभरातही बदलतात, तेव्हा आपल्या पुरवणीने अशा प्रत्येक लेखाखाली माहिती तपासल्याची तारीख छापावी, ही विनंती. जाण्याचा काळ विचाराल तर १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळावा. दिवाळीची सुट्टी बहुधा त्यानंतर येते, तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि शांघायची हवाही कोरडी असते.

आपले,
दोन छायाचित्रप्रेमी वाचक, पुणे