मोर्गोंची रेड वाइन: दत्तास पत्र

लिऑन, फ्रान्स, नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

थोडी थॉमसन जातीची खायची द्राक्षं काढून तिथे वाइनची द्राक्षं लावायचं तुझ्या मनात घोळतंय, हे वाचून फार बरं वाटलं. मग तुला एका वाइनबद्दल सांगायलाच हवं. इथून उत्तरेला, बोजोले भागात, विलिए-मोर्गों नावाचं गाव आहे. तिथल्या लापिएर घराण्याची ‘मोर्गों’ ही मी आजवर प्यायलेल्या रेड वाइनमधली सगळ्यात आवडती.

द्राक्ष एकच, गामे. बिचाऱ्या गामेला 1395 साली बर्गंडीच्या ड्यूकनं उपटून टाकायचा हुकूम काढला होता. माल भरपूर, पण दर्जा हलका, ही तक्रार. इथल्या ग्रॅनाइटच्या मुरमाड जमिनीत मात्र तिचं सोनं झालं. मंडप नाही, जुन्या बागांत तर तारही नाही. प्रत्येक वेल बुटक्या झुडपासारखी स्वतःच्या खोडावर उभी. लागवड इतकी दाट, की हेक्टरी नऊ-दहा हजार वेली. तुझ्या एकरी हजाराच्या हिशेबाशी ताडून बघ!

मार्सेल लापिएरनं 1973 मध्ये वडिलांची बाग हातात घेतली. तेव्हा सगळीकडे तणनाशकं, रासायनिक खतं, विकतचं यीस्ट आणि अल्कोहोल वाढवायला रसात साखर. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची गाठ झ्यूल शोव्हे या रसायन जाणणाऱ्या वाइन व्यापाऱ्याशी पडली आणि मार्सेलनं यातलं एकेक बंद केलं. वाइन टिकावी म्हणून तिच्यात टाकतात ते सल्फरही अगदी नावापुरतं, काही बाटल्यांत तेवढंही नाही. बागेत भुरी रोगावर गंधक इथले सेंद्रिय बागायतदारही मारतात, तो वेगळा विषय.

दत्ता, खरी गंमत पुढेच आहे. सल्फर काढलं की चुकीला जागा उरत नाही. एक कुजका घड टाकीत गेला तर सगळी टाकी बिघडू शकते. म्हणून तोडणी हातानं, द्राक्ष पुरतं पिकल्यावर, आणि निवड डोळ्यांत तेल घालून. मग घड देठासकट, न चिरडता टाकीत जातात. खालचे मणी वजनानं फुटतात, त्यांचा रस सालीवरच्या यीस्टनं आंबू लागतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूत वरचे अख्खे मणी आतल्या आतच आंबायला लागतात. फळाचा तो टवटवीत वास तिथेच तयार होतो. नंतर दाबून काढलेली वाइन जुन्या लाकडी पिंपांत मुरते. जुनी पिंपं मुद्दाम, म्हणजे लाकडाची चव उतरत नाही.

रंग फिका, पेल्यातून बोटं दिसतील इतका. पहिल्या घोटाला जिभेवर किंचित चुरचुर, मग पिकलेल्या करवंदासारखा आंबटगोडपणा आणि शेवटी दगडाचा कोरडेपणा. जड अजिबात नाही. थोडी गार करून प्यायची, इतर रेडसारखी खोलीच्या उबेत नाही.

मार्सेल 2010 च्या ऑक्टोबरात गेला. आता मुलगा मात्यू आणि मुलगी कामीय बाग बघतात आणि बाटली त्याच वळणाची उतरते. मला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. मार्सेलबरोबर फोयार, तेव्हने आणि ब्रेतों हे शेजारचे तिघेही याच वाटेनं गेले. एकट्यानं रेटणं अवघड झालं असतं, असं मला वाटतं.

म्हणून माझं ऐक: मशिनरीचे कोटेशन मागवण्याआधी जमीन बघ, जात बघ आणि शेजारचा एखादा बागायतदार बरोबर घे. घड विरळ करायचा, मणी निवडायचा हात तुझ्याकडे आहेच, आणि या वाइनचं बरंचसं काम तिथेच होतं.

जानेवारीत येतोय, बाटली घेऊनच. ती उष्णता सोसत नाही, तेव्हा आल्याबरोबर फ्रिजमध्ये जागा करून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर