कॉपी दिली म्हणून शून्य

विश्रामबाग, सांगली

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

काल तू तावातावाने बोलत होतीस आणि इकडे दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, म्हणून नीट बोलणं झालं नाही. असाइनमेंट तुझी, उतरवली रूममेटने, शून्य मिळालं दोघींना. "बाबा, मी कॉपी केली नाही, फक्त दिली," हे तुझं पालुपद. माझ्या मते सरांचं बरोबर आहे. पण तेवढ्यावरून तू लबाड ठरत नाहीस.

परीक्षा आली की नोट्स 'मायक्रो' करून मागणारी पोरं दुकानात येतातच. अख्खं पान आगपेटीएवढं करून हवं असतं. मी देत नाही, ती पुढच्या दुकानात जातात. परवा एकाला असंच परत पाठवलं. पाच मिनिटांत पुन्हा दारात. म्हटलं, आता हुज्जत घालणार. तर काउंटरवर पन्नासची नोट ठेवून म्हणतो, "काका, सकाळी सुटे देताना जास्त दिले होते." आता याला काय म्हणायचं?

मागे एम.एड.चा एक प्रबंध बाइंडिंगला आला होता (आलेलं चाळायची माझी खोड तुला ठाऊक आहे). त्यात हार्टशोर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांचं १९२८ सालचं काम होतं. हजारो शाळकरी मुलांना त्यांनी अशा चाचण्या आणि खेळ दिले, की फसवायचं म्हटलं तर फसवता यावं. एका जागी लबाडी करणारं पोर दुसऱ्या जागी करेलच असं दिसलं नाही. आणि खरं-खोटं कळणारी मुलं तसंच वागतात, असंही नाही. वाचलं तेव्हा पटलं नव्हतं, त्या पोराने पटवलं.

पुढे श्वार्ट्झ म्हणून कुणाची मूल्यांची दहा गटांतली मांडणी होती: यश, सत्ता, परंपरा, जवळच्यांचं भलं वगैरे. ही सगळ्यांकडेच कमीजास्त असतात, प्रश्न असतो वर कोण आणि खाली कोण.

तू म्हणशील, माझ्यात मैत्री वर होती. मला तसं वाटत नाही. पीडीएफ पाठवायला अर्धा मिनिट लागतो. तिला समजावून सांगायला रात्रीचे दोन तास गेले असते, आणि सरळ 'नाही' म्हणायला तर त्याहून जड गेलं असतं. तू भिडेला बळी पडलीस. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची ते याच्यासाठीच. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ती काय बोलणार आहे, याचा विचार केलास का?

प्रबंधांना निदान यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम आहे, दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तुमच्यावर सरांची नजर, आणि ती पुरेशी आहे म्हणायची.

दोघी मिळून सरांना भेटा. कुणी लिहिलं, कुणी उतरवलं ते सांगा. मार्क मात्र मागू नका. आणि वायवाआधी तो टॉपिक तिला शिकव, मग लागोत दोन तास.

आईने मेतकूट पाठवलंय. फोन नवाच्या आत कर.

तुझे बाबा