सोमवारपासून भाजी निवडायला मावशी येतील

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रागावू नका, पण मी एक गोष्ट ठरवून टाकली आहे. सोमवारपासून मागच्या गल्लीतल्या मावशी रोज सकाळी येऊन भाजी निवडून, चिरून देतील. पैशांचं मी बघितलंय. फोडणी तुझीच, आई. तुझ्या कढईला आणि मिसळणाच्या डब्याला कुणी हात लावणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलंय.

तुला होत नाही असं मला म्हणायचं नाही गं. पण सुजलेल्या बोटांनी जुडी कशाला निवडायची? त्यात चातुर्मास लागलाय. वांगं बंद, कांदा-लसूण बंद, मग उरतो बटाटा. बाबांची साखर वाढलेली असताना तोच रोज ताटात, याचा मला घोर लागतो. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरतच नाही.

शिवाय रानभाज्यांचे हेच तर दिवस! पेठ-हरसूलकडच्या बायका गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, कर्टुली, फोडशी, टाकळा घेऊन बसल्या असतील. बाबा, बुधवारच्या बाजारातून आलात की तुम्ही पिशवी ओट्यावरच रिकामी करायचात, आणि आई ओरडायची. टाकळा खुडून हिरव्या झालेल्या बोटांनी ती माझी वेणी घालायची. केसांना दिवसभर पाल्याचा वास यायचा, तरी मी न्हायला तयार नसायचे. किती लाड केलेत माझे!

आता नीट ऐका. कर्टुली हिरवी, कोवळीच घ्यायची. पिवळी पडलेल्यांत बिया टणक होतात. फोडशीच्या बुडाशी माती असते, पांढरा भाग आणि मधला दांडा काढायला सांग. कांदा नको तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाल. पालेभाजी आधी भरपूर पाण्यात धुवायची, मग चिरायची. चिरल्यावर धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. अळूला चिंच विसरायची नाही, बाबांचा घसा लगेच खवखवतो. आणि बाबा, पाऊस असेल तर घाटावर उतरायचं नाही. पायऱ्या निसरड्या असतात. कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळेल ते घ्या.

बटाटा अगदी सोडा असं नाही. उपवासाची भाजी कर, बाबांना थोडी वाढ.

मावशी संकोची आहेत, पहिल्या दिवशी तूच चहा पुढे कर. आणि सोमवारी काय केलंस ते रात्री फोनवर सांग.

तुमची,
छबू