गाडी उभी ठेवू नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर गाडीबद्दल सात-आठ प्रश्न विचारलेत आणि मी घाईघाईत अर्धीमुर्धी उत्तरं देऊन फोन ठेवला. रात्री झोप येईना. मला क्लच समजावून सांगायला तुम्ही एक अख्खी दुपार घालवली होती, आणि मी तुम्हाला तीन मिनिटंसुद्धा नीट दिली नाहीत. म्हणून हे पत्र. सवडीने वाचा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. यातला बराचसा मजकूर तिच्यासाठी आहे.

आधी बॅटरी. तुम्ही विचारलंत, "रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवतो, तरी बॅटरी उतरली कशी?" मला वाटतं, ती त्या पाच मिनिटांमुळेच उतरली. स्टार्टर फिरवताना बॅटरीतून एका दमात भरपूर करंट जातो. तो भरून काढायचं काम अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचं, पण गाडी जागेवर घुरघुरत असताना इंजिन इतकं हळू फिरतं की अल्टरनेटर फारसं काही देऊ शकत नाही. त्यात तुम्ही सवयीने पंखाही लावता. म्हणजे रोज थोडं काढायचं आणि त्याहून कमी भरायचं. शिवाय बंद गाडीतलं घड्याळ, लॉक, अलार्म हे सगळं रात्रंदिवस थोडं थोडं पीत असतं. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि मग ती चार्ज धरतच नाही. साधारण तीन ते पाच वर्षं टिकणारी बॅटरी अशाने आधीच संपते.

इंजिनाचंही तेच. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि थंड इंजिनात त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन पुरतं तापलं की ते उडून जातं. पाच मिनिटांत इंजिन तेवढं तापत नाही, त्यामुळे ते तिथेच राहतं. तुम्ही म्हणता, "वर्षभरात गाडी फिरलीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" त्याला माझं उत्तर हेच आहे. सर्व्हिसच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही लिहिलेले असतात, आणि जे आधी भरेल ते धरायचं. तुमचे महिनेच आधी भरतात.

तेव्हा रोजची पाच मिनिटं बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, निदान अर्धा तास, गाडी रस्त्यावर नेऊन चालवा. त्यात बॅटरी चार्ज होईल, ऑइल तापेल, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासून निघेल. पावसात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात तो हाच गंज. त्याला घाबरायचं कारण नाही. एकाच जागी महिनोन्महिने उभ्या गाडीचे टायरही खालून चपटे होतात आणि मग वेगात स्टिअरिंग थरथरतं.

सकाळी इंजिन तापवायची तुमची सवय कुठून आली ते मला माहीत आहे. आपल्या पहिल्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळायला साधा कार्बोरेटर होता. चोक ओढून, कान देऊन, इंजिनाचा आवाज सरळ होईपर्यंत थांबावं लागायचं. तुम्ही तेव्हा मला जे शिकवलंत ते त्या गाडीसाठी अगदी बरोबर होतं. या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर इंजिन न ताणता हळू चालवावं. चालवल्याने ती जागेवरच्यापेक्षा लवकर तापते, आणि गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर यांनाही तापायला चालावंच लागतं.

बाबा, तुमच्या शिकवणीतल्या आणखी दोन-तीन गोष्टी गाडी बदलल्यामुळे बदलल्या आहेत. त्या मला तुम्हाला जपून सांगायच्या आहेत, कारण त्यातली एक मला फार महागात पडणार होती.

तुम्ही शिकवलं होतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. चाक जाम झालं की गाडी घसरते आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी वळत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. काही वर्षांपूर्वी पावसात माझ्यापुढचा ट्रक अचानक थांबला आणि माझ्या पायाने तुम्ही शिकवलेलंच केलं. गाडी थांबली, पण ट्रकच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर. पाय लटपटत होते. नंतर एका जाणत्या मेकॅनिकने समजावलं की एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असलेल्या गाडीत हे दाबणं-सोडणं गाडी स्वतः करते, तेही सेकंदाला कित्येक वेळा आणि प्रत्येक चाकासाठी वेगळं. आपण पाय सोडतो तेवढा वेळ ती नुसती पुढे जात राहते. १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस बाजारात आणलं. आता ते तुमच्याही गाडीत आहे. संकटात ब्रेक जोरात दाबायचा, दाबूनच धरायचा आणि वळायचं तिकडे स्टिअरिंग वळवायचं. पेडल पायाखाली खडखड करत थरथरेल. बरेच जण त्या थरथरीला घाबरून पाय उचलतात. तुम्ही दोघांनी एकदा मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कुणी नसताना, बेताच्या वेगात असा ब्रेक दाबून बघा. पायाला ती थरथर एकदा ओळखीची झाली की ऐनवेळी पाय उचलला जाणार नाही.

दुसरी गोष्ट उताराची. न्यूट्रल करून उतार उतरला की पेट्रोल वाचतं, असं तुम्ही म्हणता. कार्बोरेटरच्या गाडीत थोडंफार वाचत असेलही. या गाडीत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जाळावं लागतं. पण पेट्रोलपेक्षा मला काळजी ब्रेकची आहे. लांब उतारावर न्यूट्रलमधली गाडी आवरायला ब्रेक सतत दाबावा लागतो, ब्रेक तापतात, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते आतमध्ये उकळायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे वर्षागणिक कमी तापमानालाच उकळतं. बुडबुडे झाले की पेडल मऊ होऊन थेट खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात, गाडी फिरलेली असो वा नसो. तुमच्याकडची सगळी बिलं मी मागच्या वेळी चाळली, त्यात ब्रेक ऑइल मला कुठेच दिसलं नाही. एवढं एक काम या महिन्यात करून घ्या, बाबा. आणि उतारावर दुसरा-तिसरा गिअर, जसा चढ चढताना लागेल तसा.

तिसरी अगदी छोटी. स्टिअरिंगवर हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर ठेवायला तुम्ही शिकवलंत. आता नऊ आणि तीनवर ठेवा. एअरबॅग फुटली तर वर धरलेले हात तोंडावर आपटतात.

काही गोष्टी मात्र तुम्ही शिकवल्या तशाच मी अजून पाळते. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे ती बंद पडली तरी बाजूने निघता येतं. क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही. आणि वेगाबद्दलचं तुमचं बोलणं तर मी आकड्यांनी पडताळून पाहिलं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद गेला तरी चार गाड्यांच्या लांबीएवढा रस्ता संपलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की तीनपर्यंत मोजायचं, त्याआधी आपण तिथे पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हे अंतर याच्या दुप्पट धरा.

हवेचं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता. टायरच्या बाजूला छापलेला आकडा भरायचा नाही, ती टायरची कमाल मर्यादा असते. आपला आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे निघण्यापूर्वी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) आपोआप कमी होतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर आणखी एक. स्टेपनीची हवाही बघा, ती सगळ्यात आधी विसरली जाते. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर २३१६ आहे, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते, झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपासून लांब आहे, म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. पण रबर उन्हाने आणि वयाने कडक होतं, भेगाळतं. दहा वर्षांपलीकडचा टायर न झिजताही बाद धरावा. मागच्या वेळी मी बाजूच्या भिंतीवर बोट फिरवलं तेव्हा बारीक भेगा लागल्या होत्या. हे टायर आता बदलायचेच.

दिव्यांचं एवढंच लक्षात ठेवा. लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा. ऑइलच्या झारीचा लाल दिवा असेल तर लगेच इंजिन बंद, घर कितीही जवळ असलं तरी. पिवळा असेल तर घाबरू नका, पण दोन-चार दिवसांत दाखवा. इंजिन तापल्याचा काटा वर गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, थांबा, आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उसळून हातातोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि मला फोन करा.

रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात असं तुम्ही ओझरतं म्हणालात. मी ते ऐकलं आहे. वयानुसार डोळ्याचं भिंग धुरकट होतं आणि प्रकाश पसरून दिसतो, यात कुणाचा दोष नाही. डोळे तपासून या. काच आतून पुसा, प्लास्टिकच्या वाफेचा एक तेलकट पापुद्रा तिच्यावर बसतो आणि रात्री तोच चमकतो. डॉक्टर काय सांगतात ते कळेपर्यंत अंधारात गाडी काढू नका, माझ्यासाठी.

आता आई, तुझ्याशी. मी शाळेत असताना तू किती वर्षं गाडी चालवलीस! बाबा निवृत्त झाले आणि तू शेजारच्या सीटवर बसायला लागलीस. आता विचारलं की म्हणतेस, "हात राहिला नाही." आई, मागच्या महिन्यात बाबांना रस्त्यात चक्कर आली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तुम्ही दोघं तासभर तिथेच बसून राहिलात. लायसन्स तुझ्या पर्समध्ये होतं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

त्या आठवड्यातल्या दोन अर्ध्या तासांपैकी एक तुझा. पहाटे उजाडल्यावर, रस्ते रिकामे असताना. आधी सीट लावून घे. तू पुढे सरकून अगदी स्टिअरिंगला बिलगून बसतेस. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटिमीटर हवेत, म्हणजे एअरबॅगला उघडायला जागा मिळते. पाय पुरत नसतील तर सीट पुढे घेण्याआधी ती उंच कर आणि पाठ जरा मागे ने. डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या टोकाएवढी उंच असू दे, मानेपाशी नको. पट्टा खांद्यावरून आणि खाली कमरेच्या हाडावरून जाऊ दे, पोटावरून नको. मग दहा मिनिटं नुसतं पुढे-मागे, वळवणं, आरशात बघणं. बाबा शेजारी बसतील आणि बोलणार नाहीत. बाबा, हे वाचताय ना? तिला सूचना देऊ नका. मला शिकवताना तुम्ही जसे गप्प बसला होतात, हात मांडीवर ठेवून, तसेच बसा.

मी पुढच्या महिन्यात येते आहे. टायर आणि ब्रेक ऑइल तोवर झालं नाही तर मी गाडी घेऊन जाईन. पण आईचा अर्धा तास माझ्यासाठी थांबवू नका. दर रविवारी फोन कराल तेव्हा डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा आईने वाचून सांगायचा. मी इथे वहीत लिहून ठेवणार आहे.

तुमची,
मनू