वेशीवरच्या सात दगडांसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याला असलेली गावची मंडळी, सप्रेम नमस्कार.

वेशीबाहेर पिंपळाखालचे सात दगड, ज्यांना आपण ‘भैरोबाचे राखणदार’ म्हणत आलो, त्यातले सहा वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव दगड. गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना त्यातले दोन जेसीबीने उपटून गटाराच्या कडेला टाकले. एकाचा माथ्यावरचा कळस तुटला. तुकडा सापडलाय, देवळात ठेवलाय. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही, आपण तरी एकावर इतकी वर्षं गोधड्या आपटल्याच ना!

मधला, छातीइतका उंच वीरगळ जवळ बसून बघा. सकाळी उन्हं तिरकी असताना नीट दिसतो. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलाय, शेजारी गाई. म्हणजे गावची गुरं सोडवताना गेला. त्यावर ढाल-तलवारीची झुंज. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, आणि सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव. गंमत अशी, की नाव कुठेच कोरलेलं नाही. महाराष्ट्रात लेख असलेले वीरगळ थोडेच. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, म्हणून ते गाजले. आपल्याकडे गाई आहेत. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात ज्यावर आहे, तो सातवा दगड मात्र वीरगळ नाही, सतीशिळा आहे, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड.

काम मोठं नाही. रस्त्यापासून थोडं आत घडीव दगडाचा ओटा बांधायचा, सातही दगड त्यावर उभे करायचे, पाण्याला वाट काढून द्यायची. सिमेंट वापरायचं नाही. त्यात गाडलेला दगड पुन्हा धड निघत नाही, आणि सिमेंटातले क्षार कोरीव कामाला खातात. चुना आणि वाळू पुरे. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश, ॲसिड अजिबात नको. कळस जोडायचं काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना विचारूनच.

एका दात्याने ग्रॅनाइट, स्टीलची जाळी आणि नावाची पाटी देऊ केली होती. हात जोडून नको म्हटलं. भैरोबाचा शेंदूर आहे तसा राहील, पण या दगडांना ऑइलपेंट फासू नका. हळद-कुंकू वाहायचं तर ओट्यावर वाहा.

पडक्या वाड्यांचे घडीव दगड, चुना, ट्रॅक्टरच्या एक-दोन खेपा आणि गवंड्याची मजुरी, एवढी गरज आहे. पैसे ग्रामपंचायत कार्यालयातच द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी एक रविवार द्यावा. पाऊस लागायच्या आत ओटा व्हायला हवा. दगड उचलायला पहार, दोर आणि गोणपाट लागेल, साखळी नको, तिने कडा उडतात.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी अशी शिल्पं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ‘चांगला भाव देतो’ म्हणत कोणी आलं तर लगेच पोलीस पाटलांना कळवा. आणि कुणाच्या गोठ्यात, विहिरीच्या काठाला किंवा पायरीत असा कोरीव दगड बसवलेला असेल तर न घाबरता सांगा. आम्ही येऊन फोटो काढू, माप घेऊ. पायरी उपटा असं कोणी म्हणणार नाही.

आपले,
ग्रामस्थ मंडळ