टिम डंकनला रटाळ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या खेळाच्या पानावर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, जुन्या खेळाडूंबद्दल काही आलं की मी आवर्जून वाचतो, पण टिम डंकनचा विषय निघाला की 'ग्रेट होता पण बोअरिंग' असं म्हणून एका ओळीत उरकून टाकतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून हे पत्र.

आधी हे सांगा, बोअरिंग म्हणजे नक्की काय? रिंगमागच्या काचेच्या बोर्डवर चौकोन आखलेला असतो ना, त्याच्या वरच्या कोपऱ्यात हा माणूस दहा-बारा फुटांवरून, बाजूने, तिरका बॉल लावायचा. काचेवर टप् असा आवाज, आणि बॉल जाळीत. समोरच्याला पक्कं माहीत असायचं की आता हा हेच करणार, तरी काही करता यायचं नाही. ज्याला त्याला टोपणनावं वाटणाऱ्या शॅकने (दुसरा दिग्गज खेळाडू शॅकिल ओनील) याला 'बिग फंडामेंटल' म्हटलं ते काय उगाच?

खरं तर हा बास्केटबॉलवाला नव्हताच, पोहणारा होता. कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉय बेटाचा, बहीण 1988 च्या ऑलिम्पिकला पोहून आलेली. 1989 मध्ये ह्यूगो वादळात तिथला स्विमिंग पूल गेला, आता सराव करायचा तर समुद्रात, आणि याला शार्कची भीती! त्यात पुढच्या वर्षी, चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कॅन्सरने गेली. डिग्री पूर्ण करीन असा तिला शब्द दिला होता, म्हणून अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीमध्ये पूर्ण चार वर्षं काढून सायकॉलॉजीची डिग्री घेतली, लवकर बाहेर पडला असता तर तेव्हाच करोडो मिळाले असते. 1997 ला नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या नंबरवर सॅन अँटोनियो स्पर्सने घेतला आणि मग 19 सीझन तीच टीम, तोच कोच पॉपोविच. टायटल पाच, 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014.

फायनल म्हणजे जास्तीत जास्त सात मॅचची सिरीज, त्यातली 2003 ची सहावी मॅच जमली तर बघाच. न्यू जर्सी नेट्सविरुद्ध 21 पॉइंट, 20 रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), 10 असिस्ट (बास्केट होईल असा पास), 8 ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं). अजून दोन ब्लॉक पडले असते तर क्वाड्रपल डबल, म्हणजे चार गोष्टींत दहा किंवा जास्त, जो फायनलमध्ये आजवर कुणाचाच झालेला नाही. आणि याला रटाळ म्हणायचं!

भावना दाखवत नाही म्हणे. अहो 2007 मध्ये बेंचवर बसून हसला म्हणून रेफ्री जोई क्रॉफर्डने त्याला बाहेर काढला होता, हसला म्हणून!! लीगने नंतर त्या रेफ्रीलाच उरलेल्या सीझनसाठी घरी बसवलं, पण दंड डंकनलाही झालाच.

आणि 2013 च्या फायनलची मायामी हीटविरुद्धची सातवी मॅच, आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागलेली, मी चहा गार करून बघत होतो. त्याआधीच्या मॅचमध्ये मायामीच्या रे ॲलनचा तो तीन पॉइंटचा शॉट पडला तेव्हा डंकन बेंचवर होता, कोचने बाहेर बसवलेला, हातात आल्यासारखं टायटल निसटलं आणि हा नुसता बघत राहिला. सातव्या मॅचला शेवटच्या मिनिटात स्पर्स दोन पॉइंटने मागे, समोर उंचीने कमी असलेला मायामीचा बॅटिये, रिंगच्या अगदी जवळ, असे शॉट याने हजारो मारले असतील, तोच चुकला, परत आलेला बॉल हाताने आत ढकलायला गेला (टिप), तोही चुकला. मागे पळत आला, वाकला आणि दोन्ही हात जमिनीवर आपटले. तेव्हा त्याला 37 वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी त्याच मायामीला 4-1 ने हरवलं, तरी मला आठवतात ते आपटलेले हातच.

रिटायर झाला तेही असंच गुपचूप. 11 जुलै 2016 ला टीमचं एक प्रेस रिलीज, संपलं. ना निरोपाचा दौरा, ना स्वतःची प्रेस कॉन्फरन्स. दुसऱ्या दिवशी बोलायला आला पॉपोविच, अंगात डंकनच्या चेहऱ्याचा टीशर्ट, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो गायब.

एक विनंती, पुढच्या वेळी डंकनवर काही छापाल तर फोटो डंकचा (बॉल वरून रिंगमध्ये आदळतानाचा) नको, तो बॉल चौकोनाच्या कोपऱ्याला लागतानाचा टाका.

आपला,
एक जुना वाचक