बाबांची गोळी बंद झाली तेव्हा

आदरणीय डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त होताय असे डिचोलीच्या बाजारात कानावर आले. इतकी वर्षे राहून गेलेले आभार आता तरी मानायलाच हवेत.

मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन या वेदनाशामक औषधाच्या विक्रीला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, पोफळीवरून पडल्यापासून बाबांची कंबर त्याच गोळीवर चालली होती. फार्मसीवाले हात वर करायचे. बांद्याला, सावंतवाडीला जुना साठा मिळेल असे सांगणारेही भेटले आणि भाऊ गाडी काढायला निघाला होता. बाबांचे कण्हणे ऐकवत नव्हते हो! त्याआधी तुमच्याकडे आलो हे आमचे नशीब.

तुम्ही उरलेली पाकिटे टेबलावर पालथी मांडलीत आणि मागची बारीक अक्षरे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलीत. त्या गोळीत पॅरासिटामॉलही होते, आणि अंग मोडून आले की बाबा वरून तेच वेगळे घेत होते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून अमेरिकेत हे औषध २०१० मध्येच बाजारातून काढले होते, हे आम्हाला तुम्ही सांगितलेत. लगेच ईसीजी काढलात, रक्त तपासायला पाठवलेत. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन वाढलेले दिसल्यावर डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचा विचारही सोडून दिलात, कारण ते मूत्रपिंडाला सोसत नाही.

औषध अफूच्या जातीचे. ते सुटताना घाम येईल, तगमग होईल, झोप उडेल, हे तुम्ही आधीच बजावले होते. त्यामुळे त्या रात्री आई घाबरली नाही. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचा अगदी कमी डोस, पॅरासिटामॉल मात्र ठरल्या वेळी, "दुखायची वाट बघत बसू नका" असा दम, आणि जोडीला कमरेचे व्यायाम. डोस बदलला की दुसऱ्या दिवशी तुमचा फोन यायचा. एवढ्या गर्दीच्या ओपीडीतून तुम्ही तो कसा करायचात, देव जाणे.

बाबा अजून म्हणतात, "बाकीच्यांनी गोळी नाही म्हटले, बाईंनी पुढे काय करायचे ते सांगितले."

आता सवड मिळेल तेव्हा घरी या. कुळागर बाबाच दाखवतील, आणि जेवल्याशिवाय आई तुम्हाला सोडणार नाही.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका जुन्या पेशंटची मुलगी